कादंबरीतल्या माणसाचा स्वेटर

माझ्या आत्याने केलेला साबण फेसाळत नसे आणि झिजतही नसे. पाहुणा न्हाणीघरातून बाहेर आला की आत्या दारातच उभी. "घरचा आहे हं. कसा वाटला?"

पाहुणा शब्द शोधत असायचा, तेवढ्यात आतोबा आतून सांगायचे, "टिकाऊ आहे. मागच्या वादळात मी दाराखाली लावला होता. दार तसूभर हललं नाही."

"तुम्हाला कशाची किंमतच नाही."

"अगं, कौतुकच करतोय."

आत्या कादंबऱ्या लिहिते. अर्धं आयुष्य तिने शहरात टेलिफोनच्या कचेरीत काढलं, संध्याकाळी घरी येऊन लिहिलं, आणि नोकरी संपल्याबरोबर आतोबांना घेऊन गावाच्या टोकाला एका बैठ्या घरात राहायला गेली. तिथे तिला सगळंच्या सगळं घरी करायचं होतं. पाव घरी भाजायचा, मेणबत्त्या घरी ओतायच्या, कांद्याच्या साली उकळून लोकर रंगवायची, शेळीच्या दुधाचं चीज करायचं. पाव उत्तम व्हायचा. मेणबत्त्या वाकड्या व्हायच्या. चीजचा विषय घरात कुणी काढत नसे. कोंबड्या अंडी कुठे घालतील याचा नेम नव्हता, त्यामुळे आतोबा रोज सकाळी रांगत रांगत अख्खी बाग धुंडाळायचे. ते पूर्वी वीज खात्यात वायरमन होते. "जन्मभर वर बघून काम केलं," म्हणायचे, "आता खाली बघायची पाळी आली."

वाचकांना या सगळ्याचं फार अप्रूप. रविवारी कुणी ना कुणी घर बघायला यायचंच. एका मासिकाने तर काखेत कोंबडी धरलेला तिचा फोटो छापला. आत्या वरवर संकोचायची, पण त्या फोटोतला एप्रन तिने नंतर धुऊन, इस्त्री करून कपाटात वेगळा ठेवला होता.

त्या वर्षी माझ्या हाताला काम नव्हतं आणि आत्याला नवी कादंबरी टाइप करून हवी होती. ती कागदावर लिहिते, आणि तिचं अक्षर तिच्याशिवाय फक्त मला लागतं. म्हणून मी तिच्याकडे राहायला गेले. पहिल्याच दिवशी आतोबांनी माझं नाव 'टायपिस्टबाई' ठेवलं आणि मला ट्रंक दाखवली.

साबणाचं सोडा, पण आत्याला एक कला खरोखर येते, ती विणकामाची. आणि ती विणते कुणासाठी, तर कादंबरीतल्या माणसांसाठी. नवा माणूस सुचला की लिहायच्या आधी ती त्याच्या मापाचं काहीतरी विणायला घेते. खांदे किती रुंद, मान आखूड की लांब, पोट सुटलंय का, चालताना एका बाजूला कलतो का. विणता विणता तो माणूस तिला उलगडत जातो. विणून संपला की कपडा ट्रंकेत आणि माणूस कागदावर. ट्रंकेत एका चोराचे हातमोजे होते, बोटांची टोकं उघडी ठेवलेले. एका जाड्या न्यायाधीशाचं जाकीट होतं. एक टोपडं होतं. ते बाळ कादंबरीत वाचलं नव्हतं, आणि त्या टोपड्याला आत्या कुणाला हात लावू देत नसे.

आतोबांच्या स्वेटरला मात्र दोन्ही कोपरांवर भोकं. "या घरात ऊब हवी असेल," ते मला म्हणाले, "तर माणसाने आधी खोटं असावं लागतं. आमचं चुकलं, आम्ही खरे निघालो."

"तुम्हाला विणला होता की एक," आत्या म्हणाली.

"मला कसला? तुझ्या त्या रेल्वेच्या गार्डाला विणला होतास. त्याला तू अर्ध्यात मारलंस म्हणून माझ्या वाट्याला आला. तोही काखेत काचतो."

ट्रंकेची ही गोष्ट साऱ्या गावाला माहीत होती. पोस्टातला माणूससुद्धा विचारायचा, "काय ताई, सध्या कुणाला थंडी वाजतेय?"

गावात पिठाची गिरणी एकच. ती चालवणाऱ्याला सगळे गिरणीभाऊ म्हणत आणि त्यांच्या बायकोला गिरणीवहिनी. आत्याचे गहू दळून झाले की गिरणीभाऊ स्वतः पिशवी सायकलला अडकवून आणून द्यायचे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहाला टेकायचे. भुवयांवर पीठ, पापण्यांवर पीठ, शिंकले की ढग. "दिवसभर तिथे नुसता ओरडतो," ते म्हणायचे. "बोलायला इथे येतो."

त्यांचा डावा हात तरुणपणी गिरणीच्या पट्ट्यात सापडला होता. तो कोपरात वाकलेलाच राहिला, उजव्यापेक्षा बराच आखूड. गिरणीत ते बिनबाह्यांच्या बनियनमध्ये असत, पट्ट्याजवळ लोंबतं काही नको म्हणून. बाहेर पडताना मात्र शर्ट चढवायचा आणि डावी बाही पार बोटांवरून खाली ओढायची. कप उजव्या हातात, डावा टेबलाखाली. इतक्या सफाईने की नवख्याला कळूही नये.

आत्या समोर बसून विणत असायची. मान खाली, सुया चालू. समोरची बाई आपल्याकडे बघत नाही असं वाटलं की माणूस बोलत जातो. मी बाजूच्या खोलीत टाइप करत असायचे, मला त्यांच्या बोलण्याची नुसती गुणगुण यायची. मधूनच गिरणीभाऊंचा आवाज चढायचा, "माझ्यावर विणू नका बरं ताई. नंतर मारून टाकाल."

"तुमच्या अंगाला पुरेल एवढी लोकर कुठून आणू?" आत्या म्हणायची, आणि दोघं हसायची.

नवी कादंबरी लाकूड कापायच्या कारखान्यातल्या एका माणसाची होती. टाइप करत करत मी मधल्या एका प्रकरणाशी आले. वीज गेलेली आहे. हा माणूस, नुकतं लग्न झालेला, यंत्राच्या मागे वाकून निसटलेला पट्टा बसवतोय. बायको कारखान्यालगतच्या घरातून पीठ मळता मळता उठून येते, वीज आली का बघायला खटका ओढून पाहते. यंत्र हलत नाही. ती तशीच परत जाते, खटका चालूच. तो मागे आहे हे तिला दिसलेलं नाही. थोड्या वेळाने वीज येते. पुढे तो दवाखान्यातून घरी येतो, तर खटक्यावर तिच्या बोटांचं वाळलेलं पीठ. एका हाताने तो ते पुसून टाकतो आणि जन्मभर सगळ्यांना, तिलाही, एकच सांगतो: मीच खटका चालू ठेवून बसलो, माझाच गाढवपणा.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आत्या पावाचं पीठ तिंबत होती.

"आत्या, हे गिरणीभाऊंचं आहे."

"लाकडाचा कारखाना आहे तो."

"आणि हात?"

"उजवा आहे. नीट वाच."

"त्यांना विचारलंस?"

तिने पिठाचा गोळा उलटा आपटला. "विचारलं तर नाही म्हणतील. नाही म्हणाले की मला लिहिता येणार नाही."

"वहिनींना यातलं काही माहीत नाही?"

"कुणालाच नाही. आजवर फक्त मला सांगितलं त्यांनी." हे म्हणताना तिची मान जरा ताठ झाली. कुणीतरी मोठा मान दिल्यासारखी.

मी खोलीत परत गेले आणि उरलेलं टाइप केलं. खरं सांगायचं तर कादंबरी फार चांगली होती. आत्याने आजवर लिहिलेल्यातली सगळ्यात चांगली. त्या खटक्यावर ती अख्खी उभी होती. आम्ही ती प्रकाशकांकडे पाठवली. त्यांचा फोन आला तेव्हा आत्या फोन कानाला लावून उभ्या उभ्या लाजत होती.

आणि मग थंडीतली ती सकाळ आली. आत्या पोस्टात गेली होती. गिरणीभाऊ दारात आले ते नखशिखांत भिजून, दात वाजत. ओढ्यावरच्या पुलाशी सायकल घसरली आणि ते पाण्यात पडले होते. पिठाची पिशवी मात्र डोक्यावर धरलेली, कोरडी ठणठणीत.

"अहो, पीठ काय वाहून गेलं असतं तर गेलं असतं," आतोबा त्यांना चुलीपाशी ओढत म्हणाले. "काढा तो शर्ट आधी."

"ताईंचं पीठ आहे. पावाचं. जाडं दळलेलं."

"पावाचं पीठ वाचवताना निमोनियाने गेले, असं छापून येईल उद्या. बसा. घालायला आणतो काहीतरी."

मी खोलीत होते. ट्रंकेच्या झाकणाचा आवाज मी ऐकला, आणि काय होतंय हे माझ्या डोक्यात शिरून मी उठेपर्यंत फार उशीर झाला होता. मी दारात पोचले तेव्हा आतोबा त्यांना कांद्याच्या सालीच्या रंगाचा स्वेटर चढवून खांद्यावरून हात फिरवत होते.

"वा. पाठीला बघा, खांद्याला बघा. टायपिस्टबाई, या, बघून घ्या. जणू काही यांच्याच..."

आतोबा थांबले.

डावी बाही आखूड होती. कोपरापाशी वाकण्यासाठी जास्तीचे टाके घातले होते, आणि मनगटाची पट्टी बारीक, त्या वाळक्या मनगटापुरती. कागदावर आत्याने हात बदलला होता. स्वेटर त्याच्या आधी विणून झाला होता.

गिरणीभाऊ हात पुढे धरून बघत राहिले. बाही जिथे संपायला हवी तिथे संपली होती, आणि पुढे त्यांची बोटं, सगळीच्या सगळी, आमच्यासमोर.

"इथे कधी थांबली नव्हती कुठली बाही," ते म्हणाले. मग आतोबांना विचारलं, "दादा, हा ट्रंकेतला ना?"

आतोबांना खोटं बोलायची सवय नाही. त्यांनी मांजरीला उगाच हाकललं.

"चहा टाकते," मी म्हणाले.

"नको. ताई येऊ देत."

आत्या आली ती बोलतच आली. "त्या पोस्टात आज एवढी रांग, एवढी रांग, मी म्हटलं टपाल वाटताय की..." टोपली टेबलावर ठेवताना तिला स्वेटर दिसला. तिने आधी आतोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. गिरणीभाऊंकडे बघायला तिला वेळ लागला.

"माझं माप कधी घेतलंत ताई?" त्यांनी विचारलं. आवाज साधा. पीठ जाडं हवं की बारीक विचारावं तसा.

"घेतलं नाही. बसल्या बसल्या..."

"हा हात टेबलाखाली ठेवायचो मी."

"कप उचलताना कधी कधी वर यायचा," आत्या म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिने ओठ आत घेतले. आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं असावं.

"म्हणजे पुस्तकात आहे मी."

"कारखाना आहे. लाकडाचा. कुणाला ओळखू येणार नाही, भाऊ. हातही उजवा..."

"खटका आहे का त्यात?"

आत्या खुर्चीवर बसली.

"आहे."

"आणि खटक्यावरचं पीठ?"

"आहे."

"हिला तुमची पुस्तकं आमची पोरगी वाचून दाखवते. संध्याकाळी, निवडत बसली की. एक सोडत नाही." त्यांनी आखूड बाहीची पट्टी चाचपली. "लाकडाच्या कारखान्यात बाईच्या हाताला पीठ लागलेलं असलं, की तिला कळायचं राहील का हो?"

आत्याचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. लहान मुलाला भर वर्गात उभं केल्यावर होतो तसा.

"मी तुम्हाला सांगितलं तेव्हा," गिरणीभाऊ म्हणाले, "तुम्ही विणत होतात. तो हाच होता?"

आत्याने मान हलवली. हो.

ते उठले. चुलीजवळचा ओला शर्ट घेतला. स्वेटर काढायला त्यांनी हात गळ्याशी नेला आणि खाली घेतला. घालताना आतोबांनी मदत केली होती. काढायलाही कुणाची तरी मदत लागली असती, आणि ती त्यांना आम्हां तिघांकडूनही नको होती. ते तसेच निघाले. फाटकाशी डावा हात बाही ओढायला शोधत होता, आणि ओढायला काही नव्हतं.

"मला वाटलं, थंडी आहे..." आतोबा म्हणाले.

"तुमची काही चूक नाही," आत्या म्हणाली.

"चूक आहेच गं. पण तू आधी मला सांगायचंस."

"काय सांगायचं होतं?"

आतोबा अंडी शोधायला गेले. अंडी सकाळीच शोधून झाली होती.

त्यानंतर घर असं झालं की भांडं ठेवताना आपण जास्त आवाज केला का असं वाटावं. रविवारी कुणी वाचक आले तर आत्या आतल्या खोलीत जाऊन बसायची आणि आतोबा सांगायचे, "बरं नाही तिला." विणकामाची टोपली तिने कपाटावर टाकली. पाव करपला, तेव्हा कुणी काही म्हणालं नाही, म्हणून तीच म्हणाली, "बोला की. टोमणे संपले का?"

"करपलेला चांगला लागतो," आतोबा म्हणाले, आणि ते ऐकून ती रडली.

मग एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. "लाव ते यंत्र. बायकोला काढून टाकू. तोच खटका विसरतो, असं करू."

तिने सांगितलं, मी टाइप केलं. वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"मेलं हे," ती म्हणाली. "मग तो इतकी वर्षं गप्प कशासाठी?"

"दुसऱ्या कुणीतरी ओढला असं करायचं? मुकादमाने?"

"मुकादमासाठी कोण जन्मभर खोटं बोलेल?"

आम्ही बरंच काय काय करून पाहिलं. बायकोच्या हाताचं पीठ काढलं, तिथे भुसा लावला. बायकोची बहीण केली. प्रत्येक वेळी आत्या ऐकायची आणि मान हलवायची. शेवटी म्हणाली, "लाज बघ माझी. अजून मी पुस्तकच वाचवत बसलेय."

तिने प्रकाशकांना फोन केला. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"नाही, आजारी नाही. नाही हो, दुसऱ्या कुणाला देत नाहीये. चांगली झालीय म्हणूनच. नाही, ते नाही सांगता येणार. मुखपृष्ठावर घराचा फोटो? नको. कोंबड्यांचाही नको. तुम्ही रागवा. खुशाल रागवा, तुम्हाला हक्क आहे."

फोन ठेवून तिने चपला घातल्या. "चल गिरणीत. एकटीने जायला मला धीर होत नाही."

गिरणीत गर्दी होती. पट्टा फडफडत होता, जमीन पायाखाली थरथरत होती, हवेत पीठ. वहिनी पिशव्यांची तोंडं बांधत होत्या. आम्हाला बघून हसल्या, हातानेच 'बसा' म्हणाल्या. गिरणीभाऊ वरच्या पेटीत धान्य ओतत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा धान्याकडे.

आत्या त्यांच्याजवळ गेली. "पुस्तक काढून घेतलं."

"काय?"

"पुस्तक. परत घेतलं."

"काय घेतलं?"

"पुस्तक काढून घेतलं मी," आत्या ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. वहिनीही.

गिरणीभाऊंनी जाऊन खटका खाली केला. पट्टा सावकाश थांबत गेला आणि मग इतकी शांतता झाली की पिठाची शेवटची चिमूट पिशवीत पडलेली ऐकू आली. सगळी रांग आत्याकडे बघत होती. तेवढ्या शांततेत तिचा आवाज एवढासा निघाला.

"छापत नाहीये ते."

"बरं," गिरणीभाऊ म्हणाले.

आणखी काहीतरी असावं म्हणून ती उभी राहिली. माफी मागायची होती तिला, पण कशाची ते वहिनींसमोर सांगता येणार नव्हतं.

"दळण आणलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग व्हा बाजूला. माणसं खोळंबलीत."

एक म्हातारा रांगेतून म्हणाला, "पुस्तकं दळतात काय आता इथे?" आणि सगळे हसले. आम्ही बाहेर आलो तेव्हा मागे गिरणी पुन्हा सुरू झाली होती. मला तेव्हाच आठवलं की त्या खटक्याला मी कधी वहिनींचा हात लागलेला पाहिला नव्हता. गिरणीभाऊ जेवायला गेले तरी गिऱ्हाईक थांबायचं. मी समजत होते, कामाची वाटणी असेल.

पीठ येत राहिलं. पण आता पिशवी फाटकाच्या खांबाला अडकवलेली असायची. गिरणीभाऊ सायकलवरून उतरत नसत. आत्या खिडकीतून बघायची. "चहा घ्या की भाऊ," असं तिने एकदा हाक मारून म्हटलं, तर ते म्हणाले, "घाई आहे," आणि खरोखरच घाईने गेले. अंगात स्वेटर होता.

त्याच आठवड्यात गिरणीवहिनी आल्या. मी आणि आत्या मागच्या पायरीवर मटार सोलत होतो. त्यांनी सांगायची वाट न बघता ढिगातल्या शेंगा ओंजळभर घेतल्या आणि आमच्या दुपटीने सोलायला लागल्या.

"तुमचे आभार मानायला येणार होते, तर गिरणीतून सुटका नाही," त्या म्हणाल्या. "काय तो स्वेटर केलात ताई. अंगातून निघत नाही त्यांच्या. परवा बाजारात हात बाहेर ठेवून गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा."

आत्याने शेंग सोलली आणि दाणे सालांच्या ढिगात टाकले.

"मी त्यांचे सगळे शर्ट शिवते. डावी बाही मुद्दाम लांब ठेवते. त्यांना झाकायला बरं वाटतं अशी माझी समजूत. कधी विचारलंच नाही बघा." त्या हसल्या. "तुम्हाला कसं जमलं माप?"

"बघून," आत्या म्हणाली.

"मी रोज बघते की."

"तुम्ही माणसाकडे बघता वहिनी. मी नुसत्या हाताकडे बघत होते."

वहिनींना हे नम्रपणाचं वाटलं. त्यांनी आत्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "पोरगी विचारत होती, नवं पुस्तक कधी?"

"नाही येत. उसवून टाकलं."

"मग परत घाला टाके."

"लोकर माझी नव्हती."

"शेळीची असेल," वहिनी म्हणाल्या आणि आपल्याच विनोदावर बराच वेळ हसल्या. मी हसले. आत्याला जमलं नाही. तिने पदराने तोंड पुसलं.

मग वहिनींचे हात सावकाश झाले. एक दाणा त्या बोटांत फिरवत राहिल्या.

"ताई, एक बोलू का? कुणापाशी बोलले नाहीये कधी. तुमच्याजवळ बोलावंसं वाटतं. हेही म्हणतात, ताईंकडे बसलं की बरं वाटतं. आताशा का बसत नाहीत कोण जाणे." त्यांनी दाणा वाटीत टाकला. "त्यांचा हात गेला ना, त्या दिवशी वीज नव्हती. मी पीठ मळत होते, आणि मी..."

"थांबा," आत्या म्हणाली.

वहिनी थांबल्या.

"मला नका सांगू."

"तुम्ही कुठे कुणाला सांगणार आहात?"

"सांगते. मी सांगते वहिनी, धंदाच आहे तो माझा. माझ्यापाशी काही राहत नाही."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. काय कळलं त्यांना, किती कळलं, मला सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उघडलेलं तोंड नीट मिटायला त्यांना जरा वेळ लागला एवढंच.

"मग कुणाला सांगू?" त्यांनी विचारलं.

"घरी."

"घरी गिरणीचा आवाज असतो."

"गिरणी बंद करून सांगा."

त्या उठल्या. मांडीवरच्या साली झटकल्या. "बघते," म्हणाल्या, "धीर झाला तर," आणि कोंबड्यांना बाजूला करत फाटकाकडे गेल्या. रस्त्याला लागल्यावर त्या आधी हळू चालत होत्या, मग भरभर.

आत्या वाटीतले दाणे चाळवत होती. बराच वेळ. मला वाटलं ती रडतेय, म्हणून मी बघायचं टाळलं.

"काय गं," तिने अगदी खालच्या आवाजात विचारलं, "पुढे काय म्हणणार होत्या त्या, तुला काय वाटतं? इतकी वर्षं त्यांना माहीत होतं, की..."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे कान लाल झाले.

"नको," ती म्हणाली. "विसर. मी विचारलं नाही असं समज."